टोपण

टोपण काढू नको.
अजून नाही, निहाल. आधी हात पूस.
त्या फडक्याला नाही, ते गणपतीपासून ओलंच आहे,
वेंगुर्ल्यात ह्या दिवसांत फडकं सुकलंय कधी?
खोक्यातला तो खाकी कागद घे.

हा बघ जुना कंडेन्सर.
खाऱ्या वाऱ्याने चाळण केली आहे पार,
बोट लावलं की जाळी
भिजलेल्या पापडासारखी सुटते.
नवा आडवा धर. दोन्ही तोंडं बंद ठेवून.
ओ-रिंग सहा, मोजून घे,
तेलाचं एकेक बोट लाव, आणि बाटली लगेच मीट.
तेल तेल म्हणतोस, तेसुद्धा पाणी पितं रे,
उघडं सापडलं की
हवेतून ओढून पितं.

ड्रायर शेवटी. सगळ्यात शेवटी.
हलवून बघ, आत दाणे वाजतात.
त्यांना एकच काम येतं, ओल धरायचं,
आणि ते दोषी कोण, निर्दोष कोण बघत नाहीत,
पाईपातली ओल असो की तुझ्या श्वासातली,
पोट भरलं की संपलं.

मी उघडला होता एकदा.
रत्नागिरीला, होडेकरांकडे, तुझ्याएवढा असताना.
टोपण काढलं तर फुस्स झालं जरासं,
कोणी उसासा टाकावा तसं,
म्हणून दुसरंही काढलं, ऐकायला.
मग चहाला गेलो. भजी तळत होते. तासभर.
येऊन बसवला, गॅस भरला, गाडी गारेगार,
मालक मला दहा रुपये देऊन गेला.

चौथ्या दिवशी भुईबावड्याच्या चढाला
त्याच्या तोंडावर गरम वारा.
थांबला, पाणी प्याला, पुन्हा गार. पुन्हा गरम.
व्हॉल्वच्या सुईएवढ्या भोकात
बर्फाचा एक कण बसत होता आणि विरघळत होता.
तीनदा परत आला तो. तीनदा मी गप्प.
पुढच्या वर्षी कॉम्प्रेसर उघडला,
तेलाला आंबूस वास,
आतलं लोखंड खाल्लेलं.
होडेकरांनी माझ्याकडे बघितलं नाही.
मला वाटतं त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

आई माझी सोडे सुकवायची.
पोतं शिवण्याआधी कोपरापर्यंत हात घालून
तळ चाचपायची, प्रत्येक पोत्याचा.
मी हसायचो.

हां, आता काढ. दोन्ही. लाव. आवळ.
बोलू नको. आवळ.
झालं.
पंप सुरू कर, घड्याळ बघ, पाऊण तास.
काटा शून्याखाली जाईल,
तीसला टेकेल. त्या पोकळीत
पाणी असेल तर थंडच उकळतं आणि निघून जातं.
मलाही आधी खरं वाटलं नव्हतं.

गाडी आगुस्तीनची आहे.
बुधवारी आणि शनिवारी ओरोसला जाते,
मागच्या सीटवर एक बाई आडवी असते,
परतताना तिला उकाडा सोसत नाही.
उद्या शनिवार. एवढंच सांगतो.

गेली लाईट!
व्हॉल्व! निळा आधी, निळा मीट,
पंपातून उलटी हवा शिरेल! मीटलास?
लाल? शाबास मेल्या.

मोबाईल धर गेजवर.
बस तिथेच, टायरवर.
पंप थांबला की समुद्र किती जवळ आहे ते कळतं,
नाही?
काटा हलला?
परत बघ. तुझा हात हलतोय, काटा नव्हे.
दहा मिनिटं झाली? मग घट्ट आहे.
तरी लाईट आली की पुन्हा पाऊण तास,
पहिल्यापासून.
वीस मिनिटं झाली होती म्हणून वीस मिनिटं वजा नाही करायची.

कोण ते?
आगुस्तीन, थांब, तिथेच थांब.
सगळं ठीक आहे. उद्या सहाला ने गाडी.
छत्री बाहेर ठेव आधी.