धावदोरा

इसेयिनच्या चौकात माझं दुकान आहे,
एक मशीन, दोन कात्र्या, आणि भिंतीवर
बंद पडलेल्या बँकेचं जुनं कॅलेंडर.
सणाआधी महिनाभर घराण्यातल्या बायका
माझ्यापुढं कापड आणून टाकतात:
थोरल्या काकूचं निळीत रंगवलेलं नेसूचं,
कुणाचा लग्नातला लेसचा झगा,
जुळ्यांतल्या गेलेल्या पोराचं दुपटं,
एकदा तर शाळेचा गणवेश, खिशावरच्या शाईसकट.
मी पट्ट्या कापते, कड दुमडते,
लाल दातेरी किनार लावते,
आणि गठ्ठा बांधून राईच्या कडेला ठेवून येते.
पुढं राई पुरुषांची.

पुढं काय होतं ते मला ठाऊक नाही.
असं म्हणायचं असतं.
आईनं मला हे म्हणायला आधी शिकवलं,
सुई ओवायला नंतर.

सगळ्यांत आतलं कापड मी पाहिलेलं नाही.
निळं-पांढरं आहे म्हणतात,
मयताला गुंडाळतात त्याच विणीचं.
त्यावर वर्षावर्षाचे पदर.
जितकं जुनं, तितकं आत.

पण नाकाला कोण शिकवणार?
गेली अकरा वर्षं पूर्वजबाबा गल्लीतून गिरक्या घेत आले
की त्या वाऱ्याला डिझेलचा वास यायचा,
आणि माझा भाऊ ओजेदोकुन, जनरेटर दुरुस्त करणारा,
नेमका त्याच दिवशी इबादानला गेलेला असायचा.
संध्याकाळी यायचा तो घसा बसवून.
मी आलं घालून पाणी उकळायचे.
"इबादानला धूळ फार," तो म्हणायचा.
"असणारच," मी म्हणायचे.

यंदा मोटरसायकलवरून पडून त्यानं नडगी मोडून घेतली.
मांडीपर्यंत प्लास्टर,
बाकावर माझ्या शेजारीच बसलेला,
शेंगा सोलत, एकही न खाता.

आयांवालेच्या निमुळत्या ढोलानं हाक घातली.
छड्या घेतलेली पोरं धावली, गर्दी मागं रेटली.
बाबा आले.
गिरकी घेतली तसे सगळे पदर एकदम उठले,
दगड पडल्यावर ज्वारीतून पाखरं उठावीत तसे,
आणि तो वारा माझ्या तोंडावर आला.

डिझेल नव्हतं.

मी भावाकडं पाहिलं. त्यानं माझ्याकडं नाही.

ते आमच्यासमोर थांबले.
जाळीमागं डोळे नाहीत, नुसता काळोख.
आवाज तांबड्या माकडाचा, घशाच्या तळातून खरवडलेला:
"आयिंके."
चौकात मला सगळे मॅडम-टेलर म्हणतात.
हे नाव घरातलं, लाडाचं;
वडील पाठीवरून हात फिरवताना घ्यायचे.
"आयिंके, डावीकडची कड पुन्हा ओढली गेलीय तुझी."

खरं होतं ते. रात्री वीज गेली होती.

चुलतभाऊ मनात रांगेनं उभे राहू लागले,
एक, दोन...
तिसऱ्याला मी उभं राहू दिलं नाही.
उतू जाण्याआधी भांडं उतरवावं
तसा तो विचार उतरवून ठेवला.
एवढं मोठं अंग, एवढ्या बायकांच्या नेसूंचं,
त्यात एखाद्या माणसाला हरवायला जागा असणारच.

मी गुडघे टेकले.
शेजारी ओजेदोकुननं प्लास्टरचा पाय आडवा टाकला,
हातांवर कलला आणि कपाळ मातीला लावलं.
बराच वेळ उठला नाही.
अकरा वर्षं आतून पाहिलेली गल्ली
पहिल्यांदाच बाहेरून पाहत होता
(हे मी बोललेले नाही).

मग ढोल पुढं सरकला, बाबा वळले,
ओढली गेलेली कड बाकाच्या खिळ्याला अडली, सुटली.
धुळीत वीतभर लाल दोरा.
माझ्याच रिळाचा, माझ्याच हातचा.

उचलायचा नसतो.
एक कोंबडी आली, चोचीनं उलटापालटा केला,
गांडूळ नाही असं बघून निघून गेली.
"पाणी उकळू का?" मी भावाला विचारलं.
"कशाला," तो म्हणाला,
आणि त्याचा घसा बसलेला होता.