चार टक्के

तीन दिवस धुकं बसून राहिलं वागारच्या धावपट्टीवर
आणि माझ्या रक्ताला विमान मिळालं नाही.

दोन नळ्या. ठिपकेदार बुचं.
बर्गटोरानं वर नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली,
"आठवडे?" म्हणाली.
"अकरा आणि तीन दिवस," मी म्हणाले,
पगाराची तारीखसुद्धा कधी इतकी चोख सांगितली नव्हती.

ती म्हणाली, तुझ्या रक्तात त्याचे तुकडे फिरताहेत.
त्याचे म्हणजे वारेचे,
चुरा झालेले, अक्षरांचे कपटे,
कोपनहेगनचं यंत्र ते गोळा करतं
आणि बघतं,
एखाद्या पानाच्या दोनऐवजी तीन प्रती निघाल्यात का.

त्या संध्याकाळी हॅडॉक साफ करताना बोट कापलं.
पाण्यात पसरत गेलेलं रक्त बघून
मी नळ बंद केला.
कोण जाणे, त्यात कोण होतं.

आमच्या फेरो बेटांवर वाट बघणं अंगवळणी पडलेलं असतं.
बोट येईल, नाही येईल.
होग्नी त्याच बोटीच्या इंजिनात असतो,
हात धुतले तरी डिझेलचा वास जात नाही,
आणि हल्ली त्या वासानं मला मळमळतं,
म्हणून तो बिचारा दाराशी उभा राहून बोलतो.

त्याच्या वडिलांच्या मेंढ्या तपासायला
वसंतात एक माणूस येतो, पिकअपच्या मागे यंत्र बांधून.
जुळी असली तर पाठीवर निळा ठिपका,
एक असलं तर लाल.
रिकामीला काही नाही.
दोन वर्षांपूर्वी तोर्शावनच्या इस्पितळात
पडदा हळूच पलीकडे वळवून ती बाई म्हणाली होती,
"मी जरा डॉक्टरांना बोलावते."
परतताना बोटीच्या काचेत मी माझी पाठ बघायचा प्रयत्न केला.
काही नव्हतं.

यंदा पडदा माझ्याकडेच राहिला.
राखाडी पाण्यात एक शेंगदाणा,
त्याच्या आत मिणमिणणारं काहीतरी,
होग्नी म्हणाला, "इंजिन लागलं."
मग मानेमागची पट्टी मोजली. पुन्हा मोजली.
तेवढ्यात आतल्यानं पाठ फिरवली, उचकी लागल्यासारखा उडाला,
तिसऱ्यांदा मोजली.
दोन पूर्णांक नऊ.
अडीच असती तर ती एवढं गोड बोलली नसती.

दुकानात सामाल असतो, बाटल्या रचायला.
चौतीस वर्षांचा, तिरके डोळे, आखूड बोटं,
गावातल्या प्रत्येक गाडीचा नंबर तोंडपाठ.
त्याच्याकडे एकविसाव्या पानाच्या तीन प्रती आहेत
हे मला आजवर असं कधी सुचलंच नव्हतं.
त्या आठवड्यात मी दुसऱ्या रांगेत उभी राहिले.
त्यानं लांबूनच हात केला.
मी पाकिटात सुट्टे शोधले.
पैसे तर कार्डानं देते मी.

बाराव्या दिवशी फोन आला.
नमुना अपुरा.
रक्तात त्याचा वाटा चार टक्के तरी लागतो,
भरला तीन पूर्णांक एक.
नापासही नाही, पासही नाही, पुन्हा बसा.
मी हसले. मग ते हसू थांबेना,
तेव्हा होग्नी दार सोडून आत आला, वासासकट.

रात्री त्यानं विचारलं, "समजा,"
आणि पुढचं वाक्य त्याच्याजवळ नव्हतं.
माझ्याजवळही नव्हतं.
समजा, एवढंच आमच्या दोघांच्या मधे झोपलं.

सकाळी दूध आणायला गेले, सामालच्या रांगेत.
त्यानं माझं दूध उलटंपालटं करून तारीख वाचली,
"हे नको, उद्या संपतंय," म्हणाला,
आत जाऊन दुसरं घेऊन आला.
मागे चार माणसं खोळंबली होती.
तो सावकाश आला.

आता बर्गटोरा बाही वर करायला सांगते आहे.
खिडकीबाहेर डोंगर दिसतो, म्हणजे आज विमान जाईल.
डावा हात पुढे करत होते, मागे घेतला.
रोज डाव्या कुशीवर झोपते मी, ती बाजू त्याची आहे.
"उजव्यातून घे," म्हटलं.
तिनं कारण विचारलं नाही.