दोन गुण

पाच लघुकादंबऱ्या आल्यात खाकी पाकिटातून,
लेखकांची नावं झाकून, नुसते क्रमांक घालून.
ओसरीतल्या टेबलावर ठेवल्या, तर दुपारपर्यंत
पाचांवरही राखेचा सारखाच थर.
परळीत याचं कुणाला काही वाटत नाही.
बोटानं पुसायचं आणि वाचायचं.

सोबत कोष्टक जोडलंय : कल्पना दहा, भाषा दहा,
उभं केलेलं जग दहा, शेवट दहा.

पहिलीत एक जहाज आहे,
चारशे वर्षं चाललंय, अजून पोचलेलं नाही.
त्यातल्या पोरांना माती हा शब्द
परीक्षेपुरता पाठ असतो.
तिसरीतली बाई सावल्या उसन्या देते,
चैत्र लागला की भाव वाढवते.
आता जहाज कोणत्या पारड्यात घालू
आणि सावलीला वजन कसलं लावू?

मोंढ्यात मापाडी सोयाबीनच्या पोत्यात यंत्र खुपसतो,
ओलावा बाराच्या वर गेला की पैसे कापतो.
मी उलटं करते.
पानांत बोट घालून बघते, ओल लागते का.
दुसरीत लागली नाही. दुसरी फार हुशार आहे,
तिच्यात तीन चंद्र आहेत आणि त्यांचं गणितही बरोबर,
रात्री वहीत मांडून पाहिलं मी,
पण एकशे बारा पानांत एकही माणूस
साधा खोकत नाही.
पाचवीत राजकन्या, तलवार,
आणि मध्येच कुठंतरी लेखकाला आलेला कंटाळा.

राहिली चौथी.
बोअर मारताना नऊशे फुटांवर आभाळ लागतं.
खाली. निळं.
गाडीवाला विचारतो, अजून केसिंग टाकू का?
मालकीण म्हणते, थांबा जरा,
कुणाचं आहे ते तर बघू द्या.

गुरुवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत
आम्ही तिघं बसलो.
सुरनर म्हणाले, याला विज्ञान म्हणायचं की अद्भुत?
एका रकान्यात तर टाकावं लागेल.
मोईजुद्दीन सरांनी चष्मा पुसला,
म्हणाले, दोन्ही नाही हो, हे तर आमच्या गल्लीतलं आहे.
चहा आला. बेरीज झाली.
जहाज जिंकलं, दीड गुणानं.

चौथीच्या शेवटी पाणी लागतं.
आभाळ बाजूला सरकतं
आणि गोडं पाणी वर येतं, गावाला पुरेल एवढं.
मी शेरा लिहिला होता : शेवट सोयीचा.
दोन गुण कमी.

तीस वर्षं औष्णिक केंद्राच्या प्रयोगशाळेत
मी पाण्याचा कठीणपणा मोजला.
बॉयलरला चालेल इतकं स्वच्छ,
माणसाच्या जिभेला कळणारही नाही इतकं.
ज्या साली धरण आटलं, संच थंडावले,
त्या साली कोरड्या नळाखाली चंचुपात्र धरून
मी पाळी पूर्ण केली,
नोंदवहीत लिहिलं, नमुना उपलब्ध नाही,
आणि सही केली.
शेरा लिहिणारा हातही बहुतेक तोच.

काल रात्री झोप येईना म्हणून चौथी पुन्हा काढली.
शेवटचं पान.
पाणी आलंय, सगळं गाव धावत सुटलंय,
आणि मालकीण पाइपावर पाय ठेवून म्हणते,
आधी तिची घागर लावा,
ती, जी माझ्याशी सात वर्षं बोलली नाही.

हे वाक्य मी वाचलंच नव्हतं.
पाणी दिसलं आणि मी पेन उचललं होतं.

सकाळी सुरनरांना फोन लावला.
ते म्हणाले, मॅडम, पाकीट तर कालच गेलं,
आणि आता दीड गुणाचं काय घेऊन बसलात?
मागं त्यांच्या नातवाचा दंगा चालला होता.
मी म्हटलं,
दोन.