दोन क्रेडिटचा विषय

मंगळवार आणि शुक्रवार, जेवणानंतरचा तास.
सेलूच्या कॉलेजातली जुनी प्रयोगशाळा,
नळ आहेत, पाणी नाही.
जिनिंगची कापूसधूळ खिडकीतून येऊन
बाकांवर बसते, पोरांच्या आधी.
मी तासिका तत्त्वावर. विषय दोन क्रेडिटचा,
कला आणि सांस्कृतिक भान.
बी.कॉम. दुसरं वर्ष. हजेरीपटावर एकवीस,
वर्गात बारा.

पहिल्या तासाला म्हणालो, आपापलं गाव काढा.
बाराही कागदांवर दोन डोंगर, मधून सूर्य,
उतरत्या छपराचं घर
आणि एक नारळाचं झाड.
परमेश्वर, तुमच्या गावात नारळ कुठंय?
नाही सर.
डोंगर?
नाही.
घर असं उतरतं?
धाब्याचंय सर. वर तुरीच्या शेंगा वाळू घालतेत.
मग हे?
तो माझ्याकडं बघत राहिला,
मला कसं कळत नाही म्हणून.
चित्रात असतंय की सर.

रंगांना ग्रँट नव्हती.
काळी माती वस्त्रगाळ केली, काव कुटली,
शगुफ्तानं मामूच्या पानटपरीवरून चुना आणला,
कुणी कपड्याची नीळ, कुणी हळद.
बाभळीचा डिंक रात्रभर भिजत घातला,
सकाळी त्यात मुंग्या.
चौथ्या दिवशी हळद उन्हानं उडून गेली,
सगळ्यांची शेतं पांढरी.
लिहून घ्या, म्हणालो,
आणि पाठ फिरवून मीच लिहून घेतलं.

मग म्हणालो, घरातलं काहीतरी आणा,
कुणाच्या तरी हातचं.
गोधडी आली, तिची उलटी बाजू जास्त खरी.
ट्रकच्या फाळक्यावर बापानं काढलेला मोर आला,
मोबाइलच्या फोटोत.
अयोध्या मुळे शुक्रवारी आली, बटरपेपर घेऊन.
आईच्या डाव्या हातावरचं गोंदण
तिनं झोपेत उतरवून घेतलं होतं.
विंचू. पाच ठिपके. दैवशाला हे नाव, मात्रा पुसट.
खाली वृंदावन, तीनच बाजूंचं,
वर तुळस नाही.

सुई टोचताना उठून पळाली म्हणे.
नऊ वर्षांची होती.

मी पूर्ण करतो, परमेश्वर म्हणाला,
एक तुळस तर काढायची.
शगुफ्ता म्हणाली, हात तुझा हाय का?
त्यावर अर्धा तास भांडण.
मी मध्ये पडलो नाही,
खरं सांगायचं तर मला उत्तर येत नव्हतं.

शेवटी अयोध्यानं आईलाच फोन लावला, स्पीकरवर.
ती वेचणीला, मागं बायकांचा कालवा.
आई, तुझी राहिलेली तुळस काढू का कागदावर?
कामून?
कॉलेजात पाहिजे.
मला तुळस नव्हतीच पाहिजे, आई म्हणाली.
मला रेल्वे पाहिजे होती.
गोंदणारीण म्हणली, तसलं गोंदत नसतेत.
म्हणून उठले.
सुईला कोण भेतंय!
ठेव आता, मुकादम बघायलाय.

वर्गात कुणी हसलं नाही.
परमेश्वरानं ब्रश धुतला, उगाच, दोनदा.

परीक्षेला बाहेरून सर आले, नांदेडचे.
त्यांच्या तक्त्यात रकाने,
सर्जनशीलता दहा, सांस्कृतिक भान दहा, स्वच्छता पाच.
अयोध्याच्या फाइलीत बटरपेपर
आणि त्याच्यापुढं एक कागद,
ठिपक्याठिपक्यांनी इंजिन, दोनच डबे.
काळ्या मातीला भेगा पडून
कोपरा हातात आला.
स्वच्छता एक, त्यांनी लिहिलं.
मी म्हणालो, सर, माती आहे.
ते म्हणाले, दिसतंय.

फाइली तीन वर्षं ठेवायच्या असतात, कपाटात.
अयोध्या दारात थांबून राहिली,
आई म्हणली होती, दाखव म्हणून.
नियम मला मोडता आला नाही.
चावी लावायच्या आधी मात्र
कपाटापाशी थोडा वेळ हळू झालो.
शगुफ्तानं ठिपक्यांचं इंजिन काचेवर धरलं,
वर कोरा बटरपेपर,
आणि अयोध्या पेन्सिलीनं उतरवत गेली, उजेडातून.
दुसऱ्या डब्यानंतर तिचा हात थांबला नाही.
मूळ कागदावर तिथं काहीच नव्हतं.
मी चावीकडं बघत राहिलो.