उणे शून्य पूर्णांक चार

याकुत्स्कहून आलेला पोरगा म्हणतो, जमिनीला ताप आलाय.
नाव आइसेन. बूट दारात काढतो, चहात दूध जास्त मागतो,
आणि माझ्या अंगणात भोकं पाडतो,
बोटभर रुंद, दहा मीटर खोल.
त्यांत वायर सोडून आकडे वहीत मांडतो.

मला कशाला हवा आकडा?
टेबलावर ठेवलेला कांदा
आपोआप घरंगळत जातो. तीन उन्हाळे झाले.
दरवेळी त्याच कोपऱ्याकडे,
जिथे फळीखाली तळघराचं झाकण आहे.

"आजी, तळघर किती खोल?"
पुरेसं, म्हटलं.
घोड्याचं मांस, नदीचे मासे, बेरीचे डबे.
यादी भरभर सांगितली. जरा जास्तच भरभर बहुतेक.
त्याचं पेन थांबलं नाही,
मान मात्र वर झाली.

प्रोकोपी मीर्नीला गेला, हिऱ्यांच्या खाणीत.
एक्याऐंशी साल, ऑक्टोबर,
नदी गोठायच्या आधीची शेवटची बोट.
हे मी इतक्या जणांना सांगितलंय
की ती बोट मला दिसते.
कॉलर वर करून बसलेला तो दिसतो,
माझ्याकडे न बघणारा.
मी हात हलवला. खरंच हलवला.
दुखत होता तरी.

सासूला वाचता येत नव्हतं.
दर दोन महिन्यांनी त्याचं पत्र यायचं
आणि चुलीपाशी बसून मी वाचायची:
"आई, इथे थंडी आहे. आई, मी बरा आहे.
आई, वर यायला रजा मिळत नाही."
एकोणीस वर्षं.
कधी हातातला कागद कोरा असायचा, कधी किराण्याची यादी.
फेव्रोन्या ऐकायची, योग्य जागी हसायची,
आणि दर मार्चमध्ये, कमरेत वाकलेली ती म्हातारी
नदीवरून बर्फाच्या लाद्या ओढून आणायची,
तळघरात मागच्या भिंतीशी रचायची.

मासे तर पुढच्या भिंतीशी असायचे.

मी कधी विचारलं नाही. तिनंही नाही.
मरताना तेवढं बोलली,
"पत्रं छान लिहायचीस गं, उल्याना.
पण तो मला आई कधीच म्हणाला नाही.
बापाचं ऐकून ऐकून, 'ए म्हातारे' म्हणायचा."
आणि माझ्या दंडावर, हाड जिथे वाकडं जुळलंय,
बरोबर तिथे तिनं हात ठेवला.

नंतर बर्फ मी ओढला.
आता गुडघे ऐकत नाहीत,
आणि मार्चमध्ये पायाखाली नदी पातळ आवाज करते.
इथली जमीन गोष्टी पोटात ठेवण्यात पटाईत.
मॅमथ ठेवले तिनं, केसांसकट.
आता एकेक ओकतेय.
गेल्या जूनमध्ये वरच्या वळणाला एक घोडी निघाली,
किती जुनी कुणाला सांगता येईना,
तोंडात गवत तसंच, हिरवं.

हिरवं.
त्या दिवसापासून मला झोप नाही.
तो अजून एकतीसचाच असेल. मी एकाहत्तर.
वर आला तर ओळखणार नाही मला.
'ए म्हातारे' म्हणेल.

रात्री फळीखाली टपटप होते. पाणी असेल.
पाणी असं थांबून थांबून,
विचार केल्यासारखं ठिबकतं का?

आज आइसेनचा शेवटचा दिवस.
"अंगणात उणे शून्य पूर्णांक चार, आजी.
घराखालचं बघायला हवं."
कोपऱ्यातून कांदा उचलला. फळी सरकवली.
वास मासळीचा, मातीचा,
आणि ओल्या लोकरीच्या कोटाचा.

कपाळाला दिवा बांधून तो शिडी उतरतो,
तिसऱ्या पायरीवरून वर बघतो,
किती कोवळा, कान थंडीनं लाल.
"आजी, मागची भिंत पुढे आल्यासारखी का दिसते?"

नको जाऊस, असं म्हणणार होते.
म्हणाले,
"झाकण मी धरते. जड आहे ते.
तू सावकाश उतर."