मुरूम लागेस्तोवर

वर्गाच्या दारावर पाटी : पायाभूत वर्ष.
वाणिज्य, अर्थशास्त्र, विधी. परदेशी विद्यार्थ्यांसाठी.
खाली कुणीतरी खडूने लिहिलंय :
कुलरला हात लावू नये, करंट लागतो.

रविनगरच्या ह्या इमारतीत मी तासाच्या हिशोबाने शिकवते,
करारनामा अकरा महिन्यांचा,
आणि शिकवते काय, तर करार.

सतरा जण.
मागच्या बाकावर थिंपूचा किन्ले, डोक्यावर ओला रुमाल;
शेजारी दार-ए-सलामची रेहेमा, जिला तर्री-पोह्याने
पहिल्याच आठवड्यात दवाखाना दाखवला
आणि जी आता वरून तर्री मागते;
एडनचा वलीद, प्रत्येक वाक्याआधी 'म्हणजे' म्हणणारा;
खिडकीपाशी अचोल, नाईलकाठच्या बोर गावची,
मेसवाल्या काकूंकडून मराठी उचललेली :
"मॅम, मी लिहून राहिली ना."

एप्रिलात सीमांत उपयोगिता आली.
पहिला ग्लास पाणी अमृत, दुसरा बरा, तिसरा नकोसा,
पुस्तकात असं आहे.
बाहेर चव्वेचाळीस.
किन्लेने सहावा ग्लास संपवून हात वर केला :
"मॅम, अजून कमी नाही झाली."
नियमाला अपवाद असतात, मी म्हटलं.
रेहेमाने वहीत लिहून घेतलं :
अपवाद, नागपूर.

मग प्रतिफल.
देण्याबदली घेणं, घेण्याबदली देणं,
त्याशिवाय करार म्हणजे नुसता कागद.
अचोल उभी राहिली.
"माझ्या भावाने सात बैल विकले. माझी फी भरली.
मी त्याला काय देऊन राहिली?"

कुलरचं पाणी तेवढं टपटपत होतं.
मी कलम पंचवीस सांगितलं :
जवळच्या नात्यात, नैसर्गिक प्रेमापोटी दिलेलं वचन
प्रतिफलाशिवायही चालतं.
मात्र लेखी हवं. नोंदणी झालेली हवी.
"त्याला लिहिता येत नाही," ती म्हणाली
आणि खाली बसली.

माझा बाप गवंडी.
मारोती गजघाटे हे नाव कुठल्याच इमारतीवर नाही,
असलंच तर खाली, जिथे कुणी वाचायला जात नाही.
तो म्हणायचा,
काळ्या मातीवर इस्वास ठेवू नोको, पोरी.
उन्हाळ्यात भेगाळते, पाण्यात फुगते,
भितीचं मन मोडते.
मुरूम लागेस्तोवर खणाचं. मंग बोलाचं.
त्यानेही कधी काही लिहून दिलं नाही.
माझ्या पदवीचे पेढे
त्याने चालू कामावर, धुतलेल्या घमेल्यातून वाटले.

हे मी वर्गात सांगितलं. अभ्यासक्रमात नव्हतं.
फळ्यावर भिंत काढली, माती काढली,
तळाशी आडव्या रेघांचा मुरूम.
अचोल म्हणाली, आमच्याकडेही हीच माती.
पावसात ट्रक गिळते, महिना महिना रस्ता देत नाही.
बैल मात्र जातात.
"जात होते," तिने स्वतःच दुरुस्त केलं.

रात्री भांडी घासताना आठवलं, सांगायचं राहिलंच :
त्याच कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे,
प्रत्यक्ष देऊन झालेल्या दानाला
ह्यातलं काहीच लागू नाही.
दिलं ते दिलं.

दुसऱ्या दिवशी अचोल जिन्यात फोनवर होती,
भावाशी, तिच्या भाषेत, मला एक अक्षर कळेना.
हाताने दाखवत होती, खाली, अजून खाली,
जणू त्याला तिथे दिसतंय.
आणि मधेच, त्या अनोळखी आवाजांत,
एक शब्द जसाच्या तसा आला,
बापाच्या तोंडचा :
मुरूम.

मी ते स्पष्टीकरण घेऊन
दोन पायऱ्या खाली थांबले.
तासाला अजून चार मिनिटं होती.
त्या चार मिनिटांचे पैसे मला कुणी देत नाही.