भोकाचा पैसा

सेल्फ मारताच इंजिन बोललं.
दोन महिने रॉकेलच्या ट्रेमध्ये,
खोक्यांत, जुन्या पेपरवर
सुटं सुटं पडलेलं,
एका दमात एक झालं.
श्रेणिकनं टाळी वाजवली
आणि लगेच पट्टा किंचाळला.

समोरच्या चहावाल्यानं मान वर केली.
"डुक्कर धरलंय व्हय ओ?"
कुपवाड रोडवर अशा वेळी
सगळ्यांनाच ऐकू येतं.
मी चावी बंद केली.

मगदूम शेठची अॅम्बॅसिडर, मार्केट यार्डातली.
एअर फिल्टर झटकला तेव्हा
वाटीभर हळद निघाली होती.
बोअर करून आणला, रिंगा घातल्या, बेअरिंगं बदलली,
व्हॉल्व्ह घासून पोराच्या तळहाताला फोड आले.
आणि घोडं अडलं कुठं,
तर म्होरं, तोंडापाशी.
तीन पुल्या. एक पट्टा.

सरकत्या खिडकीची एक सरळ पट्टी आहे माझ्याकडं.
ती क्रँकच्या पुलीवर धरली,
वॉटर पंपाला टेकली.
डायनामोपाशी मागून टॉर्च मारली
तर उजेडाची काडी दिसली,
नखाएवढी, लांबट.
तेवढ्यावरच पट्टा तिरका चालला होता,
पुलीखाली काळं पीठ सांडलं होतं.

ब्रॅकेट ढिला केला. मागं वॉशर घातले.
दुकानातले दीडाचे, मला एक एमेम पाहिजे.
आता पट्टी डायनामोवर टेकायची
आणि पंपावरून उठायची.
कानशीनं घासले, एका अंगाला उतरले.
रसूल शिकलगारचा लेथ बंद झालेला.
नऊ वाजले. मी शिव्या देत होतो,
कुणाला ते ठरलं नव्हतं.

श्रेणिक बराच वेळ हात पुसत उभा.
मग पाकिटातून काढला
तांब्याचा पैसा, मधे भोक.
"ह्यो ब्रॅकेटच्या मागं होता.
मला वाटलं, कुणीतरी देवाला वाहिलाय.
म्हणून भंगारात टाकला न्हाई."

मी हात उगारला
आणि त्याच हातानं डोकं खाजवलं.

कारण मला आठवलं.
कासिमचाचाकडं डबा होता असल्या पैशांचा,
भंगारातून किलोवर घेतलेला.
"सरकारी वॉशर हाय, बाळ. मापाला चुकत न्हाई."
मुकुटावर बोल्ट आवळताना
त्याच्या मिशा हलायच्या.
याच गाडीवर, याच ब्रॅकेटमागं
त्यानं ते बसवले, तेव्हा
कंदील धरून मीच उभा होतो.
काय बघत होतो कुणास ठाऊक.
कंदिलावरचे किडे असतील.

"बोल्ट दोन आहेत," मी म्हटलं. "दुसरा?"
"बहिणीला दिला. मालगावला."
"मागून आण."
तो जमिनीकडं बघत राहिला.
"तिनं गळ्यात घातलाय."

सकाळी रसूलनं पितळेचा एक काढून दिला.
मायक्रोमीटर लावून दोन्ही मोजले,
चाचाच्या पैशावर डोळा मारला,
मजुरी सांगितली नाही.
वरच्या बोल्टला जुना, खालच्या बोल्टला नवा.
पट्टी धरली, टॉर्च मारली.
अंधार.
आयुष्यात अंधार बघून मी एवढा खूश
दुसऱ्यांदा झालो.
पहिल्यांदाचं सांगत नाही.

इंजिन सुरू.
पट्टा बोलला नाही.
चहावाला उगाच बघून गेला,
त्याची थोडी निराशाच झाली.

बिलावर मी लिहिलं: पैसा, १ नग.
शेठनी चष्मा वर केला. "किती लावलाय?"
"लिहिलाय तेवढाच."

ब्रॅकेटच्या आतल्या अंगाला
श्रेणिककडून पांढऱ्या पेंटनं लिहून घेतलं,
वरच्या बोल्टमागं पैसा आहे, टाकू नये.
अक्षर वाकडं आलं. राहू दिलं.

आणि तिकडं मालगावात
एक पोरगी डायनामोचा स्पेसर
गळ्यात घालून शाळेला जाते,
बरोबर एक एमेमचा.